पक्के घर कशाला म्हणावे?

विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावातील घरांची यादी करायला तुम्हाला सांगितले, तर तुम्ही चटकन दोन रकाने आखाल. एक कच्च्या घरांचा, दुसरा पक्क्या घरांचा. मातीच्या भिंती, कुडाचा आडोसा, कौल किंवा टिनपत्रे असलेली घरे पहिल्या रकान्यात जातील. विटा, सिमेंट आणि वर स्लॅब असलेली घरे दुसऱ्या रकान्यात. शिरगणतीचे कागद, घरकुलाचे अर्ज आणि सोयरिकीची बोलणी यांतही हीच वाटणी चालते.

या वाटणीत विज्ञान किती आणि सवय किती, हा प्रश्न मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. 'पक्के' हा शब्द आपण मोजमाप न करता वापरतो. एखादा पदार्थ बळकट आहे की नाही, हे त्याचे नाव ऐकून ठरत नसते. त्याला कोणते काम करायचे आहे, किती भार सोसायचा आहे, कोणत्या मातीवर उभे राहायचे आहे आणि कोणत्या हवेत टिकायचे आहे, यावर ते ठरते. आपल्या वाशीम जिल्ह्याची माती, हवा आणि पिके ध्यानात घेऊन हे मोजमाप व्हायला हवे आणि ते इथल्याच शाळा-महाविद्यालयांनी करायला हवे.

भिंतीला बळ किती लागते?

प्रथम एक साधा हिशेब करू. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, हे तुम्ही शिकला आहात. समजा, एका मजल्याच्या घराची भिंत ३ मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाड आहे. भिंतीची घनता दर घनमीटरला २,००० किलोग्रॅम धरू. तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब घनता, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे २,००० × ९.८ × ३ = ५८,८०० न्यूटन प्रति चौरस मीटर होतो. चौरस मिलिमीटरच्या भाषेत हा दाब सुमारे ०.०६ न्यूटन झाला.

आता छत घेऊ. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम असते. वरचा थर, माणसे, वाळत घातलेले धान्य यांसाठी आणखी ३०० धरू. खोली ३ मीटर रुंद असेल, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर निम्मा निम्मा भार येतो. भिंतीच्या दर मीटर लांबीवर ९०० किलोग्रॅम पडले. त्याचा दाब सुमारे ०.०४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. दोन्ही मिळून झाला ०.१.

म्हणजे एका मजल्याच्या घराच्या भिंतीवर येणारा दाब दर चौरस मिलिमीटरला एक दशांश न्यूटन एवढाच आहे. साधी भाजकी वीट ३.५ न्यूटनपर्यंतचा दाब सोसते. नेहमीचे एम-२० काँक्रीट २८ दिवसांनी २० न्यूटन सोसते. आता, एकट्या विटेचे बळ आणि विटांनी रचलेल्या भिंतीचे बळ एक नसते. दर्जा, सांधे, भिंतीची उंची यांचा विचार करून इंजिनिअर मंडळी ढोबळमानाने विटेच्या बळाचा दहावा हिस्साच हिशेबात धरतात. तसा धरला तरी आपल्या भिंतीला गरजेच्या सुमारे तिप्पट बळ उरते.

मग काँक्रीटएवढे बळ त्या भिंतीला लागतेच कशाला? बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' हा विभाग सुरू झाला. तेथील संशोधकांनी माती, वाळू आणि थोडेसे सिमेंट हातयंत्रात दाबून, न भाजता विटा तयार करण्याचे तंत्र विकसित केले. या विटा साधारण ३ न्यूटनपर्यंतचा दाब सोसतात. त्यांना भट्टी नको आणि भट्टीचे सरपण वा कोळसाही नको. एका मजल्यासाठी त्या पुरेशा आहेत, हे तुम्ही स्वतःच वरच्या आकड्यांवरून ताडून पाहा.

सिमेंटचा दुसरा हिशेब

सिमेंट वाईट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यावरून रोज धावणाऱ्या अवजड गाड्यांचा भार मातीने पेलला असता का? धरणे, पूल आणि उंच इमारती यांना काँक्रीट हवेच. प्रश्न असा, की जेथे ते अटळ नाही तेथेही आपण ते किती वापरावे?

सिमेंट कसे तयार होते ते आठवा. चुनखडक आणि माती यांची भुकटी भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. उष्णतेने त्याचे कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डाय-ऑक्साइड असे विघटन होते. रसायनाच्या तासाला तुम्ही हा हिशेब केलेला असेल, की १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटपासून ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. हा वायू खडकातूनच बाहेर पडतो. भट्टी कोळशाऐवजी सूर्यशक्तीवर चालवली तरी तो निघणारच. इंधनाचा धूर वेगळा. दोन्ही मिळून एक टन क्लिंकरमागे सुमारे ८०० ते ९०० किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. जगात माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंटचे कारखाने तुम्हाला ठाऊक असतील. विदर्भाचा चुनखडक तिकडे आहे. तो लाखो वर्षांत साठला आणि आपण तो काही पिढ्यांत संपवत आहोत. वापर करताना निदान एवढे तरी भान असावे.

शिवाय 'पक्के' म्हणजे कायमचे, हाही एक समज आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या मानाने सुमारे दहावा हिस्साच असते. म्हणून ताण पडतो त्या बाजूला पोलादी सळया घालतात. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि ओलावा हळूहळू काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरले, की सळया गंजू लागतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक असते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. निकृष्ट कामाच्या स्लॅबचे पापुद्रे पडून तांबूस सळया उघड्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतीलच. सिमेंट कमी घातले, पाणी जास्त घातले, ओलवणी चार दिवसांत बंद केली, की पक्के घर अकालीच म्हातारे होते.

उन्हाळ्यातील स्लॅब

तिसरा हिशेब उष्णतेचा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. दुपारपेक्षा स्लॅबच्या घरात रात्रीच जास्त उकडते, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांचा असेल. त्याचे कारण काय?

दिवसा तापणे आणि रात्री निवणे ही एक लाटच आहे. तिचा आवर्तनकाल २४ तासांचा. ही लाट भिंतीत शिरली की तिचा जोर खोलीनुसार घटतो आणि ती उशिराही पोचते. मातीच्या भिंतीत सुमारे १२ सेंटिमीटर आत गेल्यावर चढउतार मूळच्या जवळजवळ एक तृतीयांश उरतो. आणखी १२ सेंटिमीटर गेल्यावर त्याचा पुन्हा एक तृतीयांश. म्हणून ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून पलीकडे बाहेरच्या चढउताराचा चाळिसावा हिस्सा जेमतेम पोचतो. काँक्रीटमध्ये उष्णता अधिक वेगाने सरकते आणि स्लॅब असतो अवघा १२ सेंटिमीटरचा. त्यातून चढउताराचा मोठा भाग आत येतो, तोही काही तास उशिरा. दुपारी दोनची आच संध्याकाळनंतर खोलीत उतरते ती अशी. हा हिशेब ढोबळ आहे, तरी दिशा अचूक दाखवतो.

मग पंखा, कूलर आणि विजेचे बिल. घर बांधताना वाचवलेला विचार पुढे तीस वर्षे दरमहा भरावा लागतो.

परंतु माती म्हणजे सोने नव्हे

आता दुसरी बाजू. ती न मांडता मी थांबलो, तर हे मत एकांगी होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील जुनी घरे कशी होती? दीड-दोन फुटांहून जाड दगडी भिंती, सांध्यांत नुसता चिखल आणि वर लाकडी माळवदावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात ही घरे गार असत. पण न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जमीन हलली तेव्हा जितके वस्तुमान मोठे, तितके आडवे बल मोठे. चिखलाच्या सांध्यांना ताण सोसवत नाही. भिंतीचे आतील आणि बाहेरील थर एकमेकांपासून सुटले आणि छत खाली आले. घर जाड होते, जड होते, पण 'बांधलेले' नव्हते. आडव्या पट्ट्यांनी चारही भिंती एकत्र आवळल्या असत्या आणि छत हलके असते, तर पुष्कळ जीव वाचले असते.

दुसरी गोष्ट श्रमांची. मातीचे घर दर सणाला सारवावे लागते, दर पावसाळ्यापूर्वी लिंपावे लागते, वाळवी आणि उंदीर यांच्याशी झगडावे लागते. हे काम घरात कोण करते? आई, आजी आणि बहीण. स्लॅबचे घर हवे असा हट्ट घरातील बाईने धरला, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने स्वतःच्या कंबरेवरून केलेला हिशेब बरोबरच आहे. स्लॅबवर वाळवण घालता येते, रात्री झोपता येते आणि पावसात छत गळत नाही, हेही खरेच.

म्हणून 'जुने ते सोने' हे माझे म्हणणे नाही. जुन्या घराचा गारवा, नव्या घराची निश्चिंती, भूकंपातील लवचिकपणा आणि निसर्गावर कमीत कमी बोजा या चारही गोष्टी एकत्र देणारा पदार्थ हवा आहे. तो तयार मिळत नाही. तो शोधावा लागेल. संशोधन म्हणतात ते यालाच.

काळी आणि पांढरी

हा शोध आपल्या पायाखालूनच सुरू होतो. गावाची जमीन 'काळी' आणि 'पांढरी' अशी ओळखण्याची आपली जुनी रीत आहे. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. या नावांमध्ये पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे.

आपली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे थरांचे बनलेले असून थरांच्या मध्ये पाणी शिरले की ते फुगतात, वाळले की आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच माती घराच्या पायाखाली असेल, तर दर पावसाळ्यात घर किंचित उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात खचते. भिंतीला तिरपे तडे जातात. वर कितीही उत्तम सिमेंट घाला, पाया काळ्या मातीत वरवर बसवला असेल तर ते घर पक्के नव्हे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब विकसित केले. ते मातीच्या हलत्या थराच्या खाली जाऊन घट्ट बसतात आणि घराला जागच्या जागी धरून ठेवतात. भारतीय मातीचा अभ्यास करून भारतीय प्रयोगशाळेने शोधलेला हा उपाय आहे, हे ध्यानात ठेवा.

घराच्या भिंतीसाठी मात्र आपल्या पूर्वजांनी काळी माती टाळून गावठाणातील पांढरी माती निवडली, तिच्यात कुटार मिसळले, गारा तुडवून मुरवला. तंतू कशासाठी? माती वाळताना आकसते, भेग पडू लागते. आडवा आलेला तंतू त्या भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतो. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या गिलाव्यातही गवत, भाताचा कोंडा असे पदार्थ आढळले आहेत. अजिंठ्याशी आपले नाते जवळचे आहे. पाचव्या शतकातील ज्या हरिषेण राजाच्या काळात तेथील अनेक लेणी झाली, तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजेच आपले वाशीम. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. कीटकांपासून तो गिलावा बचावला, याचे श्रेय त्यांनी या तंतूंना दिले. आज काँक्रीटमध्ये पोलादाचे वा प्लास्टिकचे बारीक तंतू मिसळतात, त्यामागचे तत्त्वही भेग धरून ठेवण्याचेच आहे.

नवे संशोधन कोठवर आले आहे?

आता काही चालू प्रयत्नांची ओळख करून घेऊ. प्रत्येकाचा गुण पाहू, तसा दोषही पाहू.

पहिला प्रयत्न सिमेंटमधील क्लिंकर कमी करण्याचा. औष्णिक वीजकेंद्रांची उडती राख चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखी घट्ट होते. अकोला जिल्ह्यातील पारस येथे असे केंद्र आहे. राखेच्या विटा आपल्याकडे आता नेहमीच्या झाल्या आहेत. केंद्र सरकारने १९९९ मध्ये वीजकेंद्रांच्या परिसरातील बांधकामांत राख वापरण्याविषयी अधिसूचना काढली, त्याचाही उपयोग झाला. परंतु राख कोळशातून येते. उद्या सूर्य आणि वारा यांपासून अधिक वीज होऊ लागली, की राखही कमी होईल. म्हणून दुसरा मार्ग पाहणे आवश्यक आहे.

तो मार्ग स्वित्झर्लंडमधील लोझान, क्यूबा आणि आपल्या दिल्ली व मद्रास येथील आयआयटी येथील संशोधकांनी मिळून विकसित केला. त्याला 'एलसी-थ्री' म्हणतात. त्यात क्लिंकर निम्माच असतो. उरलेल्यात सुमारे ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेला चुनखडक आणि ५ टक्के जिप्सम. चिकणमाती ७०० ते ८५० अंशांवरच भाजावी लागते आणि तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ. त्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइड ३० ते ४० टक्क्यांनी घटतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये अशा सिमेंटचे मानक जाहीर केले. मात्र त्यासाठी केओलिनाइट जातीची चिकणमाती लागते. आपल्या काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट भाजले तरी तेवढे क्रियाशील होत नाही. मग आपल्या मातीचा उपयोग कसा करता येईल? हा प्रश्न वाशीमच्या विद्यार्थ्याने नाही तर कोणी सोडवायचा?

दुसरा प्रयत्न टाकाऊ पदार्थांचा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील राहुल राळेगावकर, सचिन मांडवगणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद गिरणीचा टाकाऊ लगदा, कापसाचा टाकाऊ भाग आणि थोडे सिमेंट यांपासून हलक्या विटा तयार करून तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून फळ्या करण्याचे तंत्र विकसित केले. आपण पऱ्हाटी शेतातच जाळतो. पूर्वी तिचाच कुड होत असे. कुडाचा हा नवा अवतार आडभिंती, दारे, कपाटे यांना उत्तम. छताचा भार मात्र त्याच्यावर टाकता येणार नाही.

तिसरा बांबू. तंतूंच्या दिशेने बांबू चांगलाच ताण सोसतो आणि वजनाला पोलादाच्या दहाव्या हिश्शाइतकाच भरतो. २०२३ मध्ये वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवण्यात आला. बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया करून त्याला पुनर्वापराच्या प्लास्टिकचे आवरण दिले आहे. पिथमपूर येथे गाड्यांच्या धडकेने आणि रुडकी येथे आगीने त्याची परीक्षा झाली, मगच तो रस्त्यावर आला. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी तरुणांना बांबूकाम शिकवले. दोष सांगायचा तर बांबूतील पिष्टमय पदार्थामुळे त्याला कीड लागते. प्रक्रिया न केलेला बांबू काँक्रीटमध्ये सळईसारखा घातला, तर तो पाणी शोषून फुगतो, वाळून आकसतो आणि काँक्रीटची पकड सुटते.

चौथा आपला बेसाल्ट. हा खडक वितळवून त्याचे केसासारखे तंतू ओढता येतात आणि तंतूंच्या सळयाही करता येतात. त्या गंजत नाहीत. ताण सोसण्यात नेहमीच्या पोलादाच्या दुप्पट भरतात. मात्र ताठरपणात पोलादाच्या पाव हिश्शाइतक्याच, त्यामुळे तुळई अधिक वाकते. तुटण्यापूर्वी त्या पोलादासारख्या ताणल्याही जात नाहीत, पूर्वसूचना न देताच तुटतात. 'बळकट' या एकाच शब्दात किती गुण दडलेले असतात, हे यावरून लक्षात येईल.

मग करावे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. त्यांतील दर पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. २०१८ मध्ये निती आयोगाने वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून गावोगाव २५ चौरस मीटरची घरकुले उभी राहत आहेत. एवढी घरे एकाच पिढीत बांधली जात असताना ती कशाची बांधावीत, हा प्रश्न फक्त कंत्राटदारावर सोडून चालणार नाही. घर एकदा बांधले की ती चूक किंवा ते शहाणपण पन्नास वर्षे उभे राहते.

माझे म्हणणे असे. प्रत्येक तालुक्यात निदान एका महाविद्यालयात विटा आणि माती तपासण्याची साधी सोय असावी. ज्याला घर बांधायचे आहे त्याने मूठभर माती आणि दोन विटा आणून द्याव्यात आणि त्याला आकडा मिळावा. दाब देणारे यंत्र ही काही चैनीची वस्तू नव्हे. घरकुलाच्या नमुन्यांत स्थानिक विटा, भिंतींना आवळणारे पट्टे आणि हलके, उष्णतारोधक छत असलेला एखादा नमुना असावा, आणि तो निवडणाऱ्याला कमी लेखले जाऊ नये. शेवटी, नव्या पदार्थाची परीक्षा घेताना बळ आणि किंमत यांबरोबर 'याची निगा कोण राखणार, किती श्रमांत?' हा प्रश्नही मोजमापात धरावा.

कोणी म्हणेल, हे संशोधन मोठ्या शहरांतील संस्थांनी करावे, आपण तयार उत्तर घ्यावे. परंतु रुडकी वा बंगलोर यांना मानोऱ्याची माती आणि रिसोडची माती यांतील फरक कसा कळणार? तत्त्व सर्वत्र एकच असते, पदार्थ मात्र गावागणिक बदलतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, याची सुरुवात शाळेतच करता येईल. लाकडी साच्यात ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद व जाड अशा पट्ट्या पाडा. पहिल्या गटात नुसती काळी माती, दुसऱ्यात पांढरी माती, तिसऱ्यात पांढरी माती आणि सोयाबीनचे बारीक कुटार, चौथ्यात काळी माती आणि वजनाने पाच टक्के चुना. प्रत्येक गटात निदान पाच पट्ट्या कराव्यात, कारण एका पट्टीवरून काढलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नव्हे. चुना हाताळताना शिक्षक जवळ हवेत आणि डोळे जपायला हवेत. पट्ट्या तीन आठवडे सावलीत वाळवा. प्रत्येकीची लांबी किती आकसली ते मोजा. मग दोन विटांवर पट्टी आडवी ठेवून मध्यभागी बादली टांगा आणि मापाने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. पट्टी कोणत्या वजनाला मोडली ते लिहा. मोडलेले तुकडे पाण्यात बुडवून किती वेळात विरघळतात तेही पाहा. कुटाराची पट्टी मोडताना एकदम तुटते की सावकाश, हे नीट न्याहाळा.

एप्रिलमध्ये दोन घरांत, एक स्लॅबचे आणि एक मातीचे, दर दोन तासांनी तापमान मोजून आलेखही काढता येईल. दोन्ही वक्रांचे शिखर कोणत्या वेळी येते?

हे आकडे जमले म्हणजे तुमच्या गावाची घरे कच्ची किती आणि पक्की किती, हे तुम्ही मला सांगू शकाल. कदाचित तुमची यादी दोन रकान्यांत मावणार नाही. तिला आणखी चार रकाने आखावे लागतील. तसे झाले तर आखा. वहीत जागा पुष्कळ असते.